शनिवारचा धूर

मार्च अर्धाही सरला नव्हता तोच वारा दक्षिणेकडून फिरला आणि ऑर्विल हाउटालाचं घरात बसणं संपलं. खिडकीपाशी जायचा, पागोळ्यांकडे बघायचा, परत टेबलाशी येऊन कॉफीचा कप उचलायचा आणि तोंडाला न लावताच खाली ठेवायचा. पागोळ्या टिपकायला लागल्या की आमच्या सालो गावात बाकीचे लोक खूश होतात; बायका दारात उभ्या राहून उन्हाकडे तोंड करतात, कुत्री रस्त्यात आडवी पडतात. ज्याच्याकडे पोकलेन आहे त्याच्या मात्र पायाला भिंगरी लागते.

कारण साधं आहे. हिवाळाभर जमीन पुरुषभर खोल गोठलेली असते. मार्चमध्ये ती वरच्या अंगानं सुटायला लागते, खाली मात्र तशीच घट्ट राहते, आणि मधल्या पाण्याला जायला जागा नसल्यामुळे रस्त्याच्या पोटात चिखल होतो. त्यावरून जड ट्रक गेला की डांबर फुटलंच. म्हणून कौंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, लोक जड वाहनांना बंदीच्या पाट्या लावतात. पाटी लागली की ज्याचं मशीन जिथं असेल तिथंच राहतं, थेट मे महिन्यापर्यंत. आणि ऑर्विलचं पोकलेन पर्च तळ्याच्या पलीकडे जंगलात होतं. लाकूडतोड्यांसाठी पाणथळीतून वाट काढायचं काम पाणथळ गोठलेली असेपर्यंतच करता येतं, त्यामुळे ते तिथंच अडकून पडलं होतं.

गुरुवारी रेडिओवर सांगितलं, सोमवारी सकाळपासून रस्ते बंद.

"बघ," ऑर्विल म्हणाला. "मी म्हटलंच होतं. वाऱ्याला वास येत होता."

"कसला वास?" रोंडानं विचारलं. रोंडा त्याची मुलगी.

"पाटीचा."

"पाटीला वास असतो?"

"ज्याच्या पोटावर ती येते त्याला येतो. तुझं लक्ष फोनमध्ये."

रोंडानं फोन पालथा ठेवला. शहरातली नोकरी आणि लग्न दोन्ही एकाच वर्षात सुटल्यावर ती बापाकडे परत आली होती. त्याच वर्षी ऑर्विलचा उजवा खांदा निकामी झाला होता, म्हणून ती मशीनवर बसली. ऑर्विलनं शिकवलं असं म्हणता येणार नाही. तो शेजारी उभा राहून ओरडायचा आणि ती शिकायची. आता ती त्याच्यापेक्षा हलक्या हातानं बकेट चालवते, हे आम्ही सगळे जाणतो. पण ट्रकच्या दारावर नाव त्याचंच, आणि तिनं फोन उचलला की लोक अजून विचारतात, "ऑर्विल आहे का?"

फक्त डुएननं तसं विचारलं नव्हतं. हमरस्त्यावरच्या त्याच्या रिसॉर्टमध्ये तळ्याकाठी लाकडी खोल्या आहेत आणि त्यांच्या सांडपाण्याच्या टाक्या कुजल्यात. रोंडा स्वतः जाऊन ती जमीन पायांनी फिरून आली, कुठं खडक आहे, कुठं वाळू, ते त्याला दाखवलं, आणि डुएन म्हणाला, "तूच कर." मासेमारीचा हंगाम उघडायच्या आत सगळ्या टाक्या बदलायच्या. अट एकच, पाट्या लागायच्या आत मशीन त्याच्या आवारात उभं पाहिजे. नाहीतर शहरातली मोठी कंपनी आहेच. त्यांची मशीनं हमरस्त्यालाच उभी असतात, आणि हमरस्त्याला पाट्या लागत नाहीत.

हे काम रोंडाचं होतं. तिनं तसं कुणाला बोलून दाखवलं नाही, पण त्या आठवड्यात तिचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता.

शनिवारी उजाडताच दोघं पाणथळीत पोचली. रात्री परत कडक गोठलं होतं, ते एक बरं झालं. पोकलेन फळ्यांवर उभं होतं. आमच्याकडे संध्याकाळी मशीन बंद करायची एक रीत आहे: चेनमध्ये अडकलेला चिखल पहारीनं खरवडून काढायचा, मग जाड फळ्या टाकायच्या आणि त्यांच्यावर मशीन चढवून उभं करायचं. ओल्या जमिनीवर तसंच ठेवलं तर सकाळी चेन जमिनीला चिकटलेली सापडते, आणि घाईनं जोर लावला तर आतलं गिअर तुटतं. रोंडा रोज फळ्या टाकायची. आणि रोज ती गाडीत येऊन बसली की ऑर्विल उतरून जायचा, एकेका फळीला बुटानं लाथ मारायचा, मग परत यायचा. इतक्या वर्षांत एकही दिवस चुकला नव्हता. लाकूडतोडे त्यावरून हसायचे; एकानं तर विचारलं होतं, "ऑर्विल, लग्नात तिच्या नवऱ्यालाही अशीच लाथ मारून बघितली होतीस का?"

"मारायला हवी होती," ऑर्विल म्हणाला होता.

इंजिन तापायला वेळ लागला. रोंडानं गॅसचा बर्नर लावून चेनच्या चाकांमधला बर्फ सोडवला. तिच्या हातमोज्यांची बोटं भिजली, मग कडक झाली. ऑर्विल डाव्या हातानं पहार मारत होता आणि उजवा हात त्यानं कोटाच्या खिशात घालून ठेवला होता, म्हणजे दुखतंय हे दिसू नये. मशीन ट्रेलरवर चढलं, साखळ्या आवळल्या, आणि तळ्याच्या काठच्या रस्त्यानं ती निघाली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं.

वळण संपलं तसा ऑर्विल पुढे झुकला.

"तो बघ. धूर."

झाडांच्या वरून सरळ निळा धूर चढत होता. एल्मा पेल्टोलाच्या सौनाचा. सौना म्हणजे तळ्याकाठची लाकडी न्हाणी. भट्टीवर दगड तापवायचे, त्यावर पाणी मारायचं आणि वाफेत बसायचं. आमच्या आज्यापणज्यांनी फिनलंडहून येताना दुसरं काही आणलं नसेल, पण ही सवय आणली. शनिवारी ज्याच्या सौनातून धूर निघत नाही त्याच्याकडे शेजारी गाडी काढून जातात, कारण तो आजारी तरी असतो किंवा मेलेला तरी.

एल्माचा नवरा वॉल्फ्रेड जानेवारीत गेला. तो आणि ऑर्विल शाळेपासूनचे जोडीदार. ऑर्विलच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून, तळ्याच्या खाडीपल्याड, एल्माचं धुराडं दिसतं. जानेवारीपासून दर शनिवारी तो त्या खिडकीत उभा राहायचा, धूर दिसला की "ठीक आहे ती" म्हणायचा आणि मगच स्वतःची भट्टी पेटवायचा. पण अंत्यविधीनंतर तिच्या घरी तो गेला नव्हता. त्याला तिथं वॉल्फ्रेड नसलेलं बघवलं नसतं, आणि हे तो कुणाला सांगणार नव्हता.

"थांबव," तो म्हणाला. "मागे ठेवलेले खारवलेले मासे देऊन ये तिला. मी साखळ्या बघतो."

"आपल्याला उशीर होतोय, बाबा."

"मासे द्यायला किती वेळ लागतो? बोलत बसू नकोस म्हणजे झालं."

रोंडा पुडकं घेऊन उतरली. एल्माचं अंगण पार करताना तिनं खाली बघायचं टाळलं. घराला हाक मारली, कुणी बोललं नाही. मग ती सौनाकडे गेली आणि दार ढकललं.

एल्मा वरच्या बाकावर कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून बसली होती. भट्टी लाल झालेली. आत इतकी कोरडी धग होती की रोंडाच्या नाकपुड्या भाजल्या. दगडांवर पाण्याचा थेंब नव्हता. पाण्याचं पिंप रिकामं, त्याच्या फळ्या सुकून मधे फटी पडलेल्या.

"दार लाव," एल्मा म्हणाली. "ऊब जाते."

"मावशी, कोट घालून सौनात बसलीस?"

"मग काय करू? पेटवलीच आहे तर शेकून घेते."

"पाणी कुठंय?"

एल्मानं मान खाली घातली. तिचे हात मांडीवर होते, आणि बोटांच्या पेरांवर भेगा पडून रक्त सुकलं होतं. रोंडाला ते हात ओळखू आले. तळ्याच्या बर्फाला भोक पाडून बादल्या ओढणाऱ्या माणसाचे हात तसे होतात.

"तुझा पाइप गोठला."

"हळू बोल. ऑर्विल रस्त्यावर उभा आहे ना?"

"कधीपासून?"

"ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला त्या आठवड्यात. सकाळी नळ सोडला तर खोकला नुसता. मला वाटलं सुटेल." एल्मा हसली. "बाहेर पागोळ्या टिपकतायत आणि माझ्या घरात पाणी नाही. थंडी कशी वाईट बघ, वरून ऊन पडलं की खाली पळते."

रोंडा बाकाच्या कडेला बसली. तिला आता विचारायचं काही उरलं नव्हतं. विहिरीपासून घरापर्यंतचा पाइप त्या अंगणाखालून जातो, आणि पाइपावरचा बर्फ हलवायचा नाही हे आमच्याकडे पोरांनाही कळतं. बर्फ म्हणजे जमिनीचं पांघरूण. त्यावरून घसरगाडी नेली तरी आई पाठीत धपाटा घालते. आणि वॉल्फ्रेडच्या अंत्यविधीच्या दिवशी ऑर्विलनं ते पांघरूण पार काळ्या मातीपर्यंत ओढून काढलं होतं.

आधी त्यानं वॉल्फ्रेडची कबर स्वतः खणली. पत्र्याखाली कोळसे पेटवून जमीन सुटेपर्यंत तिथंच बसून राहिला. मग आला आणि दुखऱ्या खांद्यानिशी स्वतः मशीनवर बसून अंगण साफ केलं, लोकांना गाड्या लावायला जागा हवी म्हणून. असं अंगण सालोत कुणी बघितलं नव्हतं. कडा सुरीनं कापल्यासारख्या, मधे बर्फाचा कण नाही. बोलता येत नव्हतं, म्हणून त्यानं जे येत होतं ते केलं. सगळ्या गावानं त्यावर गाड्या लावल्या, आत कॉफी प्याली आणि म्हटलं, ऑर्विलनं काय अंगण काढलंय.

"त्याला सांगू नकोस," एल्मा म्हणाली.

"मग तू जूनपर्यंत बादल्या ओढणार?"

"ओढीन की. भोक पाडलंय ते तळ्यात शिरलेल्या त्या टोकामागं, त्याच्या खिडकीतनं दिसत नाही. नि शनिवारी धूर सोडते. धूर दिसला नाही तर तो येईल ना." तिनं भट्टीकडे बघितलं. "पाण्याशिवाय सौना. वॉल्फ्रेड वरून बघत असेल तर पाठ फिरवून बसला असेल बघ."

"मावशी—"

"ऐक माझं. त्या दिवशी माझ्या माणसासाठी जेवढं ऑर्विलनं केलं तेवढं कुणी केलं नाही. त्यानंच माझं पाणी बंद पाडलं हे त्याला कळलं, तर तो परत मशीनला हात लावायचा नाही. मला नकोय ते. तू जा. डुएनचं काम मिळालंय ना तुला? चर्चमध्ये ऐकलं. जा, उशीर करू नकोस."

रोंडा उठली. तिनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मासे बाकावर ठेवले आणि बाहेर आली. गप्प राहणं तिच्या किती सोयीचं आहे हे तिला कळत होतं, आणि ते कळत होतं म्हणून तिला स्वतःचा राग येत होता.

"काय म्हणाली?" ऑर्विलनं विचारलं.

"बरी आहे."

"सौनात होती?"

"हो."

"चांगली वाफ होती?"

"होती."

ट्रक सुरू झाला. रोंडानं गिअर बदलला, चुकला, परत टाकला. ऑर्विल आज खुशीत होता. धूर जवळून बघायला मिळाला होता, मशीन मागं होतं, रस्ता अजून कडक होता.

"अंगण बघितलंस? अजून काळंच असेल."

रोंडानं नजर रस्त्यावरच ठेवली.

"वॉल्फ्रेडला कधी जमलं नाही तसं. तो आपला कडेकडेनं उकरायचा, मधे टेंगळं ठेवून. मी त्याला म्हणायचो, तू अंगण साफ करतोस की बटाटे लावतोस?" ऑर्विल स्वतःशीच हसला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. "शेवटचं तरी नीट झालं त्याचं."

पुढे फाटा आला. उजवीकडे हमरस्ता आणि डुएन. रोंडानं ब्रेक दाबला. इंजिन घरघरत राहिलं आणि ती स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसली. मग तिनं जुन्या शाळेच्या मोकळ्या जागेत ट्रक घातला, ट्रेलरसकट मोठा वळसा घेतला आणि आलेल्या रस्त्याला लागली.

"अगं! कुठं?"

"एल्मामावशीकडं. विसरले."

"काय विसरलीस?"

"मशीन."

त्याला ती चेष्टा वाटली. मग त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं.

"तिचा पाइप गोठलाय, बाबा. कधीचाच. तळ्यातनं पाणी ओढतेय. सौना नुसती पेटवते, तुम्हाला धूर दिसावा म्हणून. आत पाणी नाही."

ऑर्विलनं टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली.

"कुठं गोठलाय?"

"अंगणात."

"म्हणजे मी."

तिला काहीतरी मऊ बोलता आलं असतं. "हो," ती म्हणाली.

एल्मा ओट्यावर आली तेव्हा ट्रेलर अंगणात शिरत होता. तिचा चेहरा लाल झाला. "रोंडा! मी काय सांगितलं होतं तुला?"

"मी शब्द दिला नव्हता."

ऑर्विल खाली उतरला. त्यानं एल्माला एवढंच विचारलं, "पाणी कुठनं आणतेस?" तिनं हात केला. घराच्या मागून एक वाट तळ्यावर उतरत होती, बादल्या हिंदकळून सांडलेल्या पाण्याची, काचेसारखी गुळगुळीत. कडेला तिनं राख टाकली होती. ऑर्विल त्या वाटेनं खाली गेला. चढावर एकदा घसरला, गुडघ्यावर पडला आणि उठला. टोकाला वळसा घालून दिसेनासा झाला. बऱ्याच वेळानं परत आला तेव्हा त्याच्या हातात एक भरलेली बादली होती, डाव्या. ती त्यानं ओट्यावर ठेवली.

"मशीन उतरव," तो रोंडाला म्हणाला.

पाइप लोखंडी असता तर वेल्डिंगच्या तारांनी वीज सोडून तापवला असता, तासाभरात सुटला असता. पण तो प्लॅस्टिकचा. प्लॅस्टिकचाच घाल, गंजत नाही, असं वॉल्फ्रेडला पटवलं होतं ऑर्विलनंच. आता एकच उपाय होता, मधे खणायचं, पाइप कापायचा आणि आत बारीक नळी सारत गरम पाणी सोडायचं. पाइप कुठून जातो ते ऑर्विलला तोंडपाठ होतं. विहिरीकडून सरळ, मग बर्च झाडाशी वाकडा, कारण वॉल्फ्रेडनं मूळ तोडू दिलं नव्हतं.

रोंडानं बकेट काढून एकच जाड लोखंडी दात बसवला आणि जमिनीत घातला. दात शिरला नाही. नुसता किंचाळत सरकला, ठिणग्या उडाल्या, मशीनची पुढची बाजू वर उचलली गेली. परत घातला. एक चीर पडली. त्या चिरेत दात अडकवून तिनं ओढलं तेव्हा मातीची एक लादी उलटली, हातभर जाड, कडेला बर्फाच्या शिरा चमकणारी. अशा लाद्या उलटत दुपार गेली. तिच्या पाठीचे मणके प्रत्येक धक्क्याला हलत होते. ऑर्विल खड्ड्याच्या कडेला उभा राहून हातानं खुणा करत होता, आणि आज तो ओरडत नव्हता. रोंडाला त्याचंच जास्त ओझं वाटत होतं.

पाइप जवळ आला तशी त्यानं मूठ वर केली. मशीन थांबलं. तो खड्ड्यात उतरला, पोटावर आडवा झाला आणि छोट्या कुदळीनं, मग चमच्यानं, मग नखांनी माती सोडवायला लागला.

"मी करते, बाबा. तुमचा खांदा—"

"खांदा गेला चुलीत."

एल्मानं सौनाच्या भट्टीवर तळ्याचं पाणी तापवलं. त्या दिवशीची धग शेवटी त्या कामी आली. विहिरीकडची बाजू अंधार पडायच्या आत सुटली. घराकडची मात्र सुटेना. नळी आत जात होती आणि एका जागी अडत होती.

रविवारी सकाळी, लोक चर्चला जात असताना, त्यांनी ती जागा शोधली. घराच्या भिंतीशी, जिथं अंत्यविधीला सगळ्यात जास्त गाड्या दाटल्या होत्या, तिथं पाइप नुसता गोठला नव्हता, उभा चिरला होता. भिंतीजवळ मशीन चालवायचं म्हणजे बोटानं काचेचं भांडं घासावं तसं, हळू आणि जपून. आणि आकाश भरून आलं होतं. वाऱ्याला दमट ऊब होती. अंगणातली वरची माती बुटाला चिकटायला लागली होती, रस्त्याच्या कडेनं पाणी वाहत होतं.

दुपारी ऑर्विल खड्ड्यातून वर आला आणि कुदळीवर टेकला. त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"आता तू जा," तो म्हणाला. "मशीन चढव आणि डुएनकडं नेऊन टाक. संध्याकाळपर्यंत पोचशील. उरलेलं मी हातानं काढतो."

"हातानं? ही भिंतीखालची लादी?"

"आमचे बाप हातानंच काढायचे."

"त्यांना दोन खांदे होते."

एल्मा ओट्यावरून म्हणाली, "जा गं पोरी. इतके दिवस काढलेत, आणखी काढीन. तुझं काम घालवू नकोस माझ्यापायी. रोज रोज अशी कामं येत नाहीत."

रोंडानं रस्त्याकडे बघितलं. ट्रक तयार होता, रस्ता अजून मोकळा होता. तिला ते काम हवं होतं. टाक्या कुठं बसवायच्या ते तिनं रात्री डोळे मिटून कितीदा खणून बघितलं होतं.

तिनं फोन काढून डुएनला लावला.

"मशीन आज येत नाही," ती म्हणाली. "एल्मा पेल्टोलाकडं पाणी नाही. काम अर्धं आहे."

डुएन म्हणाला, "उद्या पाटी लागतेय, रोंडा. मी थांबू शकत नाही."

"माहीत आहे."

"मग मला दुसऱ्यांना सांगावं लागेल."

"सांगा."

"एक मिनिट. ऑर्विल आहे का तिथं? त्याच्याशी बोलू दे मला."

तिचा चेहरा कुणीतरी थप्पड मारल्यासारखा झाला. तिनं फोन बापासमोर धरला. ऑर्विलनं मातीनं माखलेल्या हातानं तो घेतला, कानाला लावला, पलीकडचं सगळं ऐकून घेतलं.

"तिनं सांगितलं ना?" तो म्हणाला. "मग तेच."

आणि त्यानं फोन परत दिला.

रोंडा ट्रककडे गेली. ट्रेलरवरून एकेक जाड फळी ओढली आणि अंगणाच्या कोपऱ्यात, पाइपापासून लांब, नीट ओळीनं मांडून ठेवली. एल्मानं ते बघितलं आणि तोंड फिरवून आत गेली, कारण फळ्या टाकल्या म्हणजे मशीन कुठं मुक्काम करणार हे सांगायची गरज नव्हती. मग रोंडा परत मशीनवर चढली आणि भिंतीलगतची लादी उचलायला लागली, हळूहळू, घराला खरचटू न देता.

चिरलेला तुकडा बदलला आणि दिवस मावळायच्या सुमाराला एल्माच्या स्वयंपाकघरातला नळ खोकला. तांबडं पाणी थुंकला, थांबला, परत थुंकला आणि मग वाहायला लागला. एल्मानं त्याखाली नुसतेच हात धरले. बराच वेळ धरले. मग डोळे पुसले आणि म्हणाली, "काय बघताय? पिंप भरा. आज रविवार आहे, पण देव समजून घेईल."

खड्डा बुजवला, त्यावर पेंढा पसरला. तोवर रस्ता जड ट्रेलरला पार मऊ झाला होता. ऑर्विलनं अंगणाच्या कडांवरचा बर्फ फावड्यानं आणून पाइपाच्या रेषेवर टाकला, पुन्हा पुन्हा, जाड थर होईपर्यंत, आणि फावड्याच्या पाठीनं थोपटला. त्याच्या त्या सुरीनं कापलेल्या कडा सगळ्या ढासळल्या. अंगण आता टेंगळाटेंगळांचं दिसत होतं, वॉल्फ्रेडनं काढलं असतं तसं.

"आधी तू जा आत," एल्मा ऑर्विलला म्हणाली. "ज्यानं पाणी आणलं तो पहिला. रीत आहे."

"ज्यानं गोठवलं तो शेवटी," ऑर्विल म्हणाला.

म्हणून आधी बायका बसल्या. एल्मानं पहिला तांब्या दगडांवर मारला तेव्हा वाफ छताला जाऊन पाठीवर उतरली. मग एल्मा घराकडे गेली आणि रोंडा बाहेर येऊन पायरीवर बसली, ओल्या केसांतून वाफ निघत होती. समोर पोकलेन त्याच्या फळ्यांवर उभं होतं. चेन खरवडून साफ. मेपर्यंत ते तिथंच राहणार होतं, आणि डुएनच्या आवारात दुसऱ्याच कुणाचं.

ऑर्विल खांद्यावर टॉवेल टाकून आला.

"बाबा, फळ्या बघायच्या राहिल्यात."

"तू घातल्यास ना?"

"हो."

"मग झालं."

तो पायरी चढला आणि दाराच्या कडीवर हात ठेवून थांबला.

"त्या दिवशी मी अंगण काढत होतो," तो म्हणाला. "तू इथंच उभी होतीस. बर्चपाशी."

"हो."

"तुला पाइप आठवला नाही?"

रोंडानं ओले केस मागं सारले. या प्रश्नाची वाट ती जानेवारीपासून बघत होती.

"आठवला होता," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला कोण सांगणार, बाबा?"

घराकडून, एल्मानं नळाखाली ठेवलेल्या बादलीत पाणी टपटपल्याचा आवाज अजून येत होता. त्यानं एकदा अंगणाकडे बघितलं, एकदा मुलीकडे.

"पुढच्या वेळी सांग," तो म्हणाला. "ओरडून सांग. मला आता नीट ऐकू येत नाही."

तो आत गेला, दार ओढलं. थोड्या वेळानं दगडांवर पाणी पडल्याचा आवाज आला, लांबलचक.